मुठीतली फोड

माझी धाकटी बहीण मंगळवारी गेली. आज संत्रं सोलताना सालीचा वास बोटांना लागला आणि तिला शाळेत घालायला नेलं ती सकाळ आठवली. राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं होतं, आमचं सौंसर गाव मध्य प्रदेशात राहिलं होतं आणि आमचे हेडमास्तर रातोरात हिंदीचे विद्वान झाले होते. बहीण सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आई संत्र्याची फोड मुठीत धरून थांबायची आणि बहिणीने मनगट धरून ओढलं की मूठ उघडायची. मागायचं कसं, हे आईने तिला असंच शिकवलं होतं. बाबांनी हेडमास्तरांच्या टेबलावर जवळच्या रामाकोना गावच्या बागेतली संत्री ठेवली. "तुम्हारा नाम क्या है?" त्यांनी दरडावलं. बहिणीने त्यांचं मनगट धरलं आणि हात नेऊन संत्र्यावर ठेवला. परक्या माणसाकडे तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आई हरखून म्हणाली, "पाहा ना मास्तर, बोलून राहिली ना ते तुमच्याशी!" त्यांनी हात झटकून धोतराला पुसला. "बाई, हिला हिंदी येत नाही. तुम्ही घरी मराठीच बोलून राहिले, मग कसं होईल? आधी हिंदी शिकवा, मग आणा." जिने मराठीतही कधी एक शब्द उच्चारला नव्हता, तिचं एवढं निदान करून त्या विद्वानाने समोरचं संत्रं सोललं आणि एकट्याने खाल्लं. बहीण कुठल्याच शाळेत गेली नाही, आणि परक्या मनगटाला तिने पुन्हा कधी हात लावला नाही. आईनंतर मूठ मी धरायची. आजही पहिली फोड मुठीत धरून थांबले, मग ताटलीत ठेवली. ती तिथेच आहे.