पाटणकर सरांचं पोट

वर्गात येताच पाटणकर सर एखाद्या मुलाला उभं करायचे आणि आज तोंडी परीक्षा आहे म्हणून सांगायचे. मुलगा पांढरा पडला की विचारायचे, "पेट में क्या हुआ?" पोटात गोळा आला हे वदवून घेतलं की परीक्षा रद्द आणि धडा सुरू. मेंदूचा निरोप मज्जातंतूंवरून आतड्यात जातो, आतड्याचा वर येतो, आणि आतड्याच्या भिंतीत रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांच्याही तो कानावर पडतो. आतडं आधीच दुखरं असेल आणि मनात धुसफूस असेल, तर त्या पेशी जास्तच भडकतात. बनारसला इतकं सोपं करून शिकवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही, आणि स्वतःच्या बाबतीत इतका हेकटही.

सरांना आतड्याच्या सुजेचा जुना आजार होता. औषधं चालू असत, तरी दर पितृपक्षात शौचावाटे रक्त पडायचं. का, ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. वडिलांना उपचारासाठी दिल्लीला न्यावं असं सरांचं म्हणणं होतं. थोरल्या भावाने, दादांनी, काशीबाहेर मरण आलं तर काय, म्हणून नेऊ दिलं नाही. वडील गेले आणि भावांचं बोलणं संपलं. दादा पंचगंगा घाटावर भिक्षुकी करत आणि सरांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. खाली सर एकटे. मात्र श्राद्धाला दादा पिंड देत, तेव्हा धाकट्याने त्यांच्या हाताला हात लावून बसायचं ही रीत. सर बसायचे, तोंडातून अक्षर न काढता, आणि दोन घास खाऊन पानावरून उठायचे.

मी त्यांचा विद्यार्थी, पुढे डॉक्टर झालो, तरी डोकेफोड संपली नाही. दादांना निदान आजार तरी सांगा, म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अरे, पेटाचा मामला आहे, त्यात दादा कशाला?" जन्मभर तेच शिकवलेल्या माणसाने हे म्हणावं! कपाळ बडवून घ्यावंसं वाटे.

एका वर्षी रक्त थांबेनाच. मोठं आतडं काढावं लागेल, लखनौला न्या, असं इथल्या सर्जनांनी सांगितलं. मी एसटीडी बूथवर तिष्ठत उभा राहून तिथे खाट मिळवली. सर म्हणाले, श्राद्ध झाल्यावर जाऊ. मी ओरडलोच, की वडिलांना काशीबाहेर न्यायला भांडलात ते तुम्हीच ना?

"दादा एकटा बसेल रे," ते म्हणाले. "त्याच्या हाताला हात कोण लावणार?"

श्राद्ध पार पडलं. पाठोपाठ आतडं फुटलं आणि सर गेले.

मणिकर्णिकेवर अग्नी दिल्यावर दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्याला नेमकं काय झालं होतं. मी सगळं सांगितलं, किती जुनं होतं तेही.

"मला वाटायचं, माझ्या घरचं अन्न नको म्हणून उठतो," ते म्हणाले. "दर साली ठरवायचो, जेवताना बोलायचं. तर हा उठून जायचा."

मला ज्याच्यावर ओरडायचं होतं, तो समोर जळत होता.