गोळ्या कुणाच्या

साडीवर खडे चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास आला की मला सुरतमधली माहेरची गल्ली आठवते. नव्वदनंतरची ती वर्षं. मनाच्या आजारातून मी बरी झाले होते, लग्न होऊन सुरतजवळच कामरेजला नांदत होते, आणि लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून दवाखान्यातल्या बाईंबरोबर वस्त्यांमध्ये जाऊन स्वतःची गोष्ट सांगायचे. नवऱ्याची ना नव्हती. एका दुपारी आमच्याच गल्लीत सभा झाली. बाया मांडीवर साड्या घेऊन खडे लावत ऐकत होत्या. आई सगळ्यांच्या मागे, नेहमीसारखी एकटीच बसली होती. बोलता बोलता मी जोरात म्हणाले, "माझ्या घरच्यांनी लाजेपोटी माझा आजार लपवला." आईने मान खाली घातली. सभा संपल्यावर शेजारची काकू माझ्याजवळ आली. "म्हणजे डोक्याचा दवाखाना तुझ्यासाठी होता? तुझी माय तर सांगायची, त्या गोळ्या तिच्याच आहेत म्हणून. आम्ही इतकी वर्षं तिच्या हातात लेकरू दिलं नाही, हळदीकुंकवाला बोलावलं नाही." मी आईकडे गेले. ती साडीवर खडा दाबत होती. वर न बघताच आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुनं लगीन व्हवाले नको व्हतं का?" मी अजूनही सभांना जाते, सगळं सांगते, फक्त घरच्यांच्या लाजेचं ते वाक्य गाळते. त्या दुपारी तिने मान खाली घातली तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं होतं, लागलं एकदाचं तिला माझं बोलणं.