पाण्याला पडलेलं खळं

आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना सगळे 'खळंबाई' म्हणायचे, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. बशीत जंतू पसरायचे, मध्ये झाडपाल्याच्या रसात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि बशी रात्रभर उबेला ठेवायची. रसात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. पुस्तकात त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. मॅडम म्हणायच्या, "चंद्राला पडतं ना, तसं खळं पडलं पाहिजे." सकाळी पर्स खांद्यालाच असायची आणि मला, म्हणजे त्यांच्या सहायकाला, पहिला प्रश्न, "पडलं का?" नमस्कार वगैरे नंतर.

प्रत्येक बशीत एक चकती साध्या पाण्याची ठेवायची हा त्यांचा नेम. पोरं कुरकुरायची, पाण्याला कधी काही होतं का मॅडम? "म्हणूनच ठेवायचं. पाणी फुशारकी मारत नाही," असं म्हणून त्या कामाला लागायच्या.

अडुळसा, निर्गुडी, कडुनिंब, सगळ्यांची परीक्षा झाली. जीव मात्र दगडीपाल्यावर. बांधावर आपोआप उगवणारं हे तण. देवळालीत चर्चमागच्या वस्तीत मॅडमच्या आईनं उसाच्या पाचटानं कापलेल्या हातापायांवर जन्मभर तोच पाला बांधला होता. आता त्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, अंथरुणाला खिळल्या होत्या. लेक घरी आली की विचारायच्या, "आमच्या पाल्याला पडलं का गं खळं?" ते खळं मॅडमना आईच्या डोळ्यांदेखत हवं होतं. एरवी तोलूनमापून बोलणारी ही बाई या एका पाल्यापुढे हळवी व्हायची, आणि मला त्या तेव्हाच जास्त आवडायच्या.

सुरुवातीला काहीच आलं नाही. आजींचं निदान तयार होतं. "मिक्सरमंदी पाला जळतो. दगडावर कुट." मग मॅडमनी सकाळी घरच्या दगडी खलबत्त्यात पाला कुटला आणि रसाची बाटली पर्समध्ये घालून एसटीनं आणली. दुसऱ्या दिवशी बशीत हे एवढं खळं! स्टाफरूममध्ये पेढे झाले. आजींनी तर शेजारणींना बोलावून मोबाईलवरचा फोटो दाखवला.

पेढे संपायच्या आत मॅडमनी मला बाजूला बोलावलं. उरलेल्या रसाची बाटली माझ्या नाकाखाली धरून म्हणाल्या, "कसला वास येतोय?"

"भुकेचा," मी म्हणालो, कारण वास ठेच्याचा होता. त्याच खलबत्त्यात घरी रोज लसूण-मिरची कुटली जायची, आणि दगड कितीही धुतला तरी लसूण सोडत नाही. लसणापुढे भलेभले जंतू नांगी टाकतात. मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्या खलबत्त्यात नुसतं पाणी घोळवून आणलं. पाण्याला खळं पडलं.

"आजींना नका सांगू," मी म्हणालो. "आता त्यांचे राहिलेत तरी किती दिवस."

"दिवस कमी राहिलेत म्हणून तिला खरंही कमी द्यायचं?"

त्यांनी सांगितलं. आजी त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. सकाळी मात्र हुकूम सुटला, "नवा खल आन. पाटाच्या कडंचा पाला घे, त्याच्यात लई जोर आसतो." नवा खल आला, पाटाकडचा पाला आला. खळं आलं नाही. मॅडम दर वेळी घरी जाऊन तसं सांगायच्या, आणि आजी दर वेळी नवा दोष काढायच्या. कधी पाला कोवळा, कधी पाणी बोरचं. शेवटी माझ्यावर आल्या. "त्या तुझ्या मानसाच्या हाताला गुन न्हाई." मी ते मान्य करून टाकलं. तेवढ्यानं पाला वाचत असेल तर माझं काय जात होतं?

आजी गेल्या तेव्हा एक बशी उबेतच होती. आम्ही सगळे मातीला गेलो. दुसऱ्या दिवशी रजा असूनही मॅडम आल्या, बशी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. चकतीच्या कडेपर्यंत जंतूच जंतू. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"घरी जाऊन 'नाही पडलं' म्हणताना रोज जीव जायचा माझा," त्या म्हणाल्या. "आता 'नाही' म्हणायलाही कुणी नाही."

इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.