बिनआकड्यांचं पुस्तक

चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला वाचता येत नाही, असं कुणी सांगितलं तर आपण सांगणाऱ्यालाच वेड्यात काढू. पण बाइंडरकाकांचं तसंच झालं होतं. अक्षरओळख होती हो, चांगली होती. ओळ वाचायचे, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत तिची सुरुवात डोक्यातून पुसलेली असायची. पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगायचं तर काका आपल्या डोळ्यांनी कधी फारसं वाचतच नसत. त्यांचे हात कामात असायचे. काकू मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायच्या आणि काका शिवता शिवता ऐकायचे. तीस वर्षं हाच रिवाज. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली आणि दुकानात नुसता दोरा ओढल्याचा आवाज उरला. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, वाचताय ना काहीतरी?"

"वाचतोय की," काका ठोकून द्यायचे.

आतून मात्र भीती बसली होती, की बायकोबरोबर सगळ्या गोष्टीही गेल्या आणि उरलेले दिवस असेच मुक्यानं काढायचे. दुपारी दुकानाच्या दाराकडे बघत बसायचे. कुणीही यावं, निदान पत्ता विचारायला तरी यावं.

त्यात ग्रंथालयातून ते पुस्तक आलं. खुनाची कादंबरी, पण सभ्य. म्हणजे खून होतो, रक्ताचा थेंब दिसत नाही, आणि बातमी कळली की मंडळी आधी चहा टाकतात. पानं सुटलेली, अनुक्रमणिका कुणा भल्या माणसानं कधीच फाडून नेलेली. ग्रंथपाल मुलगी म्हणाली, "काका, हे आता छापत नाहीत. जपून करा."

काका बरं म्हणाले आणि नेमकी माती खाल्ली. धंद्यातला पहिला धडा, आधी शिलाई, मग कटाई. काकांनी जुना दोरा काढला, सोळा-सोळा पानांच्या घडीचे चौदा फर्मे मोकळे केले, आणि मन भलतीकडेच, गठ्ठा न शिवताच कटिंग मशीनखाली सरकवला. मापही दोन सूत जास्त घेतलं. खालची किनार गेली आणि तिच्याबरोबर पानांचे आकडे गेले. घाईघाईनं ओढायला गेले तर गठ्ठा घसरून जमिनीवर. आता कुठला फर्मा कशामागं हे सांगणारं काहीच नाही. प्रकरणांना आकडे नव्हतेच, नुसती नावं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काकांनी त्याची सालटी काढली असती. स्वतःला काय बोलणार.

आधी पळवाट शोधली. एकाची शेवटची ओळ, दुसऱ्याची पहिली ओळ, जुळव. पण या पुस्तकात जो तो वाक्य संपवून कपात साखर ढवळत बसायचा. कुणाचंही कुणाशी लग्न लावून द्यावं असे ते फर्मे. वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दोनदा वाचायला बसले, दोनदा उठले. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. काकूंच्या आवाजाच्या जागी हे घोगरं, अडखळतं काहीतरी ऐकून त्यांना कसंतरीच झालं. रडू आलं, थोडं रडले. पण कानाला सवय होती. डोळ्यांनी सोडलेली गोष्ट कानानं धरली.

मग टेबलावर फर्मे मांडून काका कामाला लागले. इथे माळी पायरीवर बसून बूट काढतोय, म्हणजे हा आधीचा. इथे त्याचे बूट बघून सगळे हळहळतायत, म्हणजे हा नंतरचा. टपालकचेरीतल्या बाई चौकशा करतायत, त्या कुणाला कधी भेटल्या याची काकांनी कागदावर यादीच केली. एकच अडलं. डॉक्टर एका फर्म्यात जिना धडाधड उतरतो आणि दुसऱ्यात लंगडतो. हा बाबा पडला कधी? काकांनी चौदाच्या चौदा फर्मे पालथे घातले, एखादा निसटला की काय म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं.

चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक वह्या घेऊन दारात आलं. काका पानावर बोट ठेवून म्हणाले, "दोन मिनिटं थांबा." आणि तेवढ्यात उलगडलं. पडला कुठे? पडलाच नव्हता. लंगडण्याचं नुसतं सोंग, खुनी तोच. टपालबाईंच्या आधी काकांनी चोर धरला होता. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं, कळलंही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच दारात कुणी आलं ते काकांना नको वाटलं होतं.

पुस्तक बांधून ते स्वतः ग्रंथालयात घेऊन गेले. ग्रंथपाल मुलीनं पानं चाळली. "आकडे कुठे गेले?"

"कापले. माझी चूक."

"मग लावलीत कशी?"

"वाचून."

तिनं पुस्तक मिटून काकांकडे पाहिलं. काकू गेल्यापासून काकांचं वाचन सुटलंय, हे तिला ठाऊक होतं.

"या टपालबाईंचं आणखी काही आहे का?" काकांनी विचारलं.

"सहा आहेत. थांबा हं, काकूंचं कार्ड आहे अजून आपल्याकडे. त्याच्यावरच लिहिते."

तिनं खणातून कार्ड काढून समोर ठेवलं. रांगेनं काकूंच्या सह्या होत्या, आणि शेवटच्या सहीखाली चार ओळी कोऱ्या. काकांनी बराच वेळ त्या कार्डावर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "हे बंद कर आता. माझ्या नावाचं काढ."