वीतभर जास्तीची गोधडी

मालतीताई कदमांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या मनवेलपाड्यातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत, आरोपी म्हणून. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय होता, ‘गच्चीवर चिंध्या वाळत घालण्याबाबत’. चेअरमनसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "या असल्या प्रकारांनी बिल्डिंगची शोभा जाते." आरोपी मागच्या खुर्चीवर सुईत दोरा ओवत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "आली कधी होती?"

सभेला हसू आवरेना आणि विषय बारगळला. मी नुकताच राहायला आलो होतो. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला तेव्हा प्लास्टरही झालेले नव्हते, त्यामुळे प्रश्न मला मुद्देसूद वाटला.

आज ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. संपादकांनी मला विषय दिला होता, ‘सेवाव्रती मालतीताई’. ताईंना याचा पत्ता लागला आणि त्यांनी मला जिन्यात गाठले. "त्यात सेवा हा शब्द आला तर मी समारंभाला येणार नाही. लोक पत्ते खेळतात, मी गोधड्या शिवते. रमी खेळणाऱ्याला कोणी व्रती म्हणतं का?" संपादकांनी क्षमा करावी. शब्द दोनदा आला आहे, तेवढाच.

मला ताईंचे म्हणणे खरे वाटते, कारण मी त्यांना शिवताना पाहिले आहे. रेशनिंग कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या वालीवला गेल्या. तिथल्या शिलाईच्या गाळ्यांमधून रोज पोतीच्या पोती कातरण बाहेर फेकली जाते. ती त्यांनी मागून आणली, धुतली, वाळवली आणि रंग जुळवत बसल्या. जांभळ्याशेजारी मोहरी रंग लावायचा की नाही यावरून त्यांचे आणि रेजिनाबाईंचे दोन दिवस बोलणे बंद होते. रेजिनाबाई अर्नाळ्याच्या. सुकी मासळी विकत सगळीकडे फिरायच्या आणि दुपारी टोपली उतरवून ताईंकडे टाके घालायला बसायच्या. "ताय, ह्या रंगानं मानसाला झोप नाय येनार," असे त्यांचे मत होते. ताईंनी जांभळ्याशेजारी मोहरीच लावला. ती गोधडी इतकी देखणी झाली की ताईंनी ती कोणालाच दिली नाही. "आवडली म्हणून ठेवली," एवढेच स्पष्टीकरण दिले. परोपकारी माणसे सहसा इतके खरे बोलत नाहीत.

त्यांच्या मायेची तऱ्हाही वेगळी आहे. मी ज्या छापखान्यात होतो तो एका सोमवारी अचानक बंद झाला. इमारतीतला प्रत्येक जण येऊन सहानुभूती देऊन आणि चहा घेऊन गेला. ताई आल्या त्या कातरणीचे पोते घेऊन. "सगळ्यांचं रडून झालं का? मग आता यातले निळे वेगळे काढ. फिके एकीकडे, गडद एकीकडे." मी तीन महिने निळे वेगळे काढत होतो. त्या काळात माझ्या हातून दुसरे काही बरे घडले असल्यास मला आठवत नाही. पुढची हकिगत मला ठाऊक आहे ती या पोत्यामुळेच.

ताईंचा एक नियम होता. तयार झालेली गोधडी त्या स्वतः एकदा पांघरून झोपत. दुपारी जेवण झाले की पंखा पाचवर ठेवायचा आणि नव्या गोधडीत शिरायचे. झोप लागली तर गोधडी पास. कुठे गाठ बोचली, कुठे थर पातळ लागला, तर उठून तेवढा भाग उसवायचा. "मला झोप येत नाही ती दुसऱ्याला कशी द्यायची?"

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर रेजिनाबाई एक बातमी घेऊन आल्या. विरारच्या पूर्वेला डोंगराकडे वीटभट्ट्या आहेत. तिथे त्या सुकट विकायला जात. "पोरा गोनपाटात निजतात, ताय. सकालला बगाल तर दवानं भिजलेली." ताईंकडे चाळीस गोधड्या तयार होत्या. आपल्याकडची थंडी पाहुण्यासारखी येते, जेमतेम महिना-दीड महिना. उशीर झाला तर गोधड्या उन्हाळ्यात पोचणार. घाई होती, पण टेम्पो नव्हता.

टेम्पो होता तो एका प्रतिष्ठित मंडळाकडे. नाव लिहीत नाही. अशी मंडळे इतकी आहेत की ज्याला लागेल त्याने लावून घ्यावे. चिटणीसांनी छापील फॉर्म पुढे केला. वस्तूंची संख्या, वस्तूंचा प्रकार आणि तिसरा रकाना, ‘नवीन / वापरलेली’. ताईंनी तिथे स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘प्रत्येकी एकदा वापरलेली’.

चिटणीस दचकले. "अहो ताई, वापरलेल्या वस्तू आपण घेत नाही. गरिबांचा अपमान होतो."

"कोणी वापरली ते विचारा की. मी वापरली आहे."

"मग नुसतं ‘नवीन’ लिहा. कोण बघतंय?"

तीस वर्षे लोकांचे खोटे फॉर्म परत करणाऱ्या बाईंना हे सांगण्यात आले. वर मंडळाची आणखी एक अट होती. प्रत्येक गोधडीच्या मधोमध मंडळाच्या नावाचा छापील कापडी तुकडा शिवायचा आणि वाटप फोटोसह करायचे. ताईंनी तो तुकडा हातात घेऊन चुरगाळून पाहिला. "हे टोचतं," त्या म्हणाल्या. "आणि पोर झोपेत छातीवर तुमचं नाव घेऊन का झोपेल? तुम्ही त्याचे कोण?" फॉर्म त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवला, कारण मागची बाजू कोरी होती.

शेवटी आगाशीच्या एका भाजीवाल्याचा टेम्पो मिळाला. मेथीच्या वासासकट. भर दुपारी आम्ही भट्टीवर पोचलो. ताई, रेजिनाबाई आणि मी. बायका विटा रचत होत्या. त्यांच्यातली जानी नावाची एक उंच, काटक बाई हात झटकत पुढे आली. तिने गोधडी घेतली, उलटी केली, टाके पाहिले आणि सरळ जमिनीवर पसरून आडवी झाली. अंगावर ओढून घेतली. तिची पावले बाहेर राहिली. पावलेच नव्हे, घोट्याच्या वरपर्यंत पाय.

जानी उठून बसली आणि ताईंकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, "बाय, ही तुमच्या मापाची हाय. आमच्या मापाची नाय."

ताईंची उंची चार फूट दहा इंच आहे. इतकी वर्षे त्या प्रत्येक गोधडी स्वतः पांघरून तपासत होत्या आणि प्रत्येक गोधडी त्यांना अगदी बेताची होत होती. आम्हा कोणाच्या हे डोक्यातच आले नव्हते. रेजिनाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

मी मात्र वैतागलो. टेम्पोचे भाडे, चाळीस गोधड्या, उन्हात तीन तासांची यातायात, आणि घेणारी बाई माप काढते. मी हळूच म्हणालो, "फुकटात मिळतंय, तर घ्यावं की मुकाट्यानं."

हळूच म्हणालो, तरी ताईंनी ऐकले. सगळ्यांसमोर, मोठ्याने त्या मला म्हणाल्या, "फुकट आहे म्हणून पाय उघडे ठेवायचे? तुझ्या सासऱ्यानं लग्नात आखूड पँट दिली असती तर घातली असतीस?"

भट्टीवरच्या बायका हसल्या. त्या हसण्यात मी आणि मंडळाचे चिटणीस यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. फक्त त्यांच्याकडे छापील फॉर्म होता.

ताईंनी लहान मुलांसाठी बारा गोधड्या तिथेच ठेवल्या. उरलेल्या अठ्ठावीस परत टेम्पोत चढवल्या. "आठ दिवस द्या," त्या जानीला म्हणाल्या. जशी काही दुकानातून तक्रार आली होती. जानीनेही गिऱ्हाइकासारखेच बजावले, "थंडी जायच्या आधी आना."

ते आठ दिवस आमची सोसायटी विसरणार नाही. प्रत्येक गोधडीला पायथ्याशी वीतभर पट्टी जोडायची होती. ताईंच्या घरात जागा पुरेना म्हणून त्यांनी सोसायटीच्या ऑफिसची किल्ली मागितली नाही, घेतली. चेअरमनसाहेबांनी विचारले, "ठराव कुठे आहे?" ताई म्हणाल्या, "शिवून झाला की देते." गोधडी तपासायला आता आमच्या वॉचमनना बोलावले जाई. ते सहा फुटांचे होते. दुपारी ऑफिसच्या फरशीवर ते आडवे होत आणि रेजिनाबाई ओरडत, "अंगठा दिसतोय. अजून चार बोटा लावा." मी दोरे ओवत होतो.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. जानीने पुन्हा गोधडी जमिनीवर पसरली. पुन्हा आडवी झाली आणि पाय खाली जोरात ताणले, जणू पट्टी फाडायचीच आहे. पट्टी टिकली. पाय आत राहिले. मग तिने डोक्यावरून पांघरूण घेतले आणि आतून फक्त एवढेच म्हणाली, "आता बरी हाय." आभार मानले नाहीत. ताईंनी ते अपेक्षिलेही नव्हते. त्यांना काय हवे होते ते त्यांना मिळाले होते: मालाची पोच.

त्यानंतर ताईंनी किती गोधड्या दिल्या हे मला ठाऊक नाही, त्यांनाही नाही. मंडळाचे चिटणीस पुढे एकदा पुरस्कार द्यायला आले होते. ताईंनी त्यांना चहा दिला, जांभळी-मोहरी गोधडी दाखवली आणि पुरस्कार परत दिला.

मालतीताई, गौरवलेखाच्या शेवटी आयुरारोग्य चिंतायचे असते. मोतीबिंदू निघाला आहे, सुई तुम्ही चष्म्याशिवाय ओवता, तेव्हा आरोग्याचे तुमचे तुम्ही बघालच. आयुष्याचे म्हणाल, तर तुम्ही जगावे ते आमच्या कौतुकासाठी नव्हे. वालीवमध्ये अजून पोतीच्या पोती कातरण बाहेर पडते आहे आणि ‘फुकटात मिळतंय ना’ म्हणणारे आम्ही अजून गावभर आहोत. आम्ही सुधारेपर्यंत तुम्हाला कुठेही जाता येणार नाही. आमचा वेग पाहता तुम्ही शंभरी सहज ओलांडाल.