समुद्र दिसणारं घर आणि माझे गुडघे

माझ्या संधिवाताबद्दल माझ्याशिवाय सगळ्यांना सगळं कळतं. मंगरूळपीरला आमच्या गल्लीत कुणी एरंडेल सांगतं, कुणी मेथ्या, कुणी शिरपूरच्या पलीकडच्या वैद्याचा लेप. शेजारच्या वहिनी माझा हात धरून एकेक बोट ओढायच्या. मी कळवळले की म्हणायच्या, "सहनच करत नाई वं तुमी." बारा वर्षं मी हेच ऐकतेय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेवटची तीन वर्षं मला खडू बोटांत धरवत नव्हता. मुठीत आवळून, खांद्यापासून हात हलवून फळ्यावर लिहिलं, पण लिहिलं. त्याला कुणी सहन करणं म्हटलं नाही.

सगळ्यात वाईट हिवाळा. सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही. ज्वारीची भाकर थापणं सुटलं. ब्लाउजचे हुक नवऱ्याकडून लावून घ्यावे लागायचे, आणि तो हुक लावता लावता पेपरातली बातमी सांगत राहायचा, जणू माझी पाठ म्हणजे चहाच्या टपरीवरचं बाकडं.

अकोल्याचे डॉक्टर एकदा म्हणाले, "थंडीत त्रास वाढतो ना, मग एखादा हिवाळा उबदार ठिकाणी राहून पाहा." एवढंच. नवऱ्यानं ते ऐकलं आणि आठवड्याच्या आत अख्ख्या मंगरुळात सांगून झालं, "आमी आता अंदमानले रायतो. कायमचं. हिच्या वातासाठी."

आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला राहतात. ती शाळेत शिकवते, तो बंदराच्या कचेरीत आहे. नवरा कृषी खात्यातून निवृत्त झालेला. जन्म इंझोरीचा, पण समुद्राचं वेड जुनं. त्याला समुद्राकाठी म्हातारपण काढायचं होतं आणि माझे सांधे त्याला आयते सापडले. "हिच्या वातासाठी" हे शब्द मी किराणा दुकानात ऐकले, बसस्टँडवर ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले. आमचं इथलं घर विकायचीही बोलणी सुरू झाली. तेव्हा मात्र मी सांगितलं, "ह्या घराले हात लावाचा नाई." तो म्हणाला, "बरं बाप्पा, चिडतं कायले?"

जानेवारीत आम्ही घरं पाहायला गेलो. जावयानं तीन घरं निवडून ठेवली होती. त्यानं आणि नवऱ्यानं ती फोनवर पाहिली होती, महिनाभर चर्चा केली होती.

"मले काहून नाई दाखवली?" मी विमानात विचारलं.

"तुले काय दाखवा लागते? सरप्राइज हाय," नवरा म्हणाला.

पहिलं घर दुसऱ्याच बेटावर होतं. बोटीनं दोन तास. बोटीवर चढायला हलती फळी आणि धरायला एक दोर, जो माझ्या बोटांना धरता येत नाही. पलीकडे उतरलो तर घरापर्यंत वाळू. वाळूत पाय रुततो, तो उपसताना गुडघा पिळवटतो, हे ज्याला दुखत नाही त्याला कसं कळणार? मी तीन वेळा थांबले. नवरा पुढं जाऊन माडाखाली उभा राहून फोटो काढत होता. मी घरमालकाला विचारलं, रक्त तपासायचं झालं तर कुठं? माझी आठवड्याची गोळी अशी आहे की तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. तो म्हणाला, मोठी तपासणी पोर्ट ब्लेअरला, पण समुद्र खवळला तर बोट बंद. जावई हसून म्हणाला, "आई, इथं आजारी कोण पडतंय? हवाच औषध आहे." मी तेव्हा गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दुसरं घर पोर्ट ब्लेअरमध्येच, टेकडीवर. खाली गाडी थांबली आणि मी वर पाहिलं. पायऱ्या. सिमेंटच्या, उंच उंच, एका बाजूला कठडा नाही. नवरा आणि जावई दलालाबरोबर झपझप वर गेले. मुलगी माझ्याबरोबर होती. मी एक पाय वर ठेवायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, श्वास घ्यायचा. एकोणीस पायऱ्या चढले आणि विसाव्या पायरीवर बसले. वरून नवऱ्याचा आवाज आला, "आली का वं? लवकर ये! समुद्र पाय कसा दिसून राह्यला!"

"किती पायऱ्या हायत?" मी खालून ओरडले.

वर थोडी कुजबुज झाली. "अडतीस!" दलाल आनंदानं म्हणाला. "बुढ़ापे में इतनी हवा कहाँ मिलेगी, माताजी!"

मी तिथूनच बोलले, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं. "हा वात कोणाचा हाय?"

नवरा वरच्या कठड्याशी आला. "म्हणजे?"

"सांगा ना. कोणाचा हाय?"

"तुहा."

"मंग घर कोणासाठी पायता? भाजी आणाले मी अडतीस पायऱ्या उतरू आन् अडतीस चढू? का वरच बसू मरेपर्यंत, तुमच्या समुद्राकडे पायत?"

दलाल आत निघून गेला. जावई फोन पाहू लागला. मुलगी वाकून म्हणाली, "आई, हळू ना. लोक ऐकतात. बाबांनी हे सगळं तुझ्यासाठीच केलं गं."

नवऱ्याचा राग मला सवयीचा आहे. पण त्या वाक्यानं डोळ्यांत पाणी आलं. जिला मी वाढवलं, जिनं माझ्या बोटांच्या गाठी होताना पाहिल्या, तिलाही त्या पायऱ्या दिसल्या नव्हत्या. मी तिचा हात बाजूला केला आणि बसल्या बसल्या, एकेक पायरी घसरत, खाली उतरले. साडी मळली. मळू दिली.

तिसरं घर पाहायला मी गेलेच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई कामावर गेले. नवरा त्यांच्या घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पर्स घेतली, रस्त्यावर आले, ऑटो थांबवला. म्हटलं, "दवाखाने के पास, बाजार के पास, सपाट जगह दिखाओ." ऑटोवाला हसला. "मैडम, इस शहर में सपाट ही तो नहीं है." तरी त्यानं फिरवलं. दीड तासानं एका गल्लीत तळमजल्यावर भाड्याची पाटी दिसली.

घरमालकीण माझ्याच वयाची, तमिळ, हिंदी माझ्याइतकीच मोडकी. मी तिला आधी खोल्या दाखवू दिल्या नाहीत. नळ दाखवा म्हटलं. दांड्याचा नळ होता, मनगटानं उघडणारा. दाराची कडी कोपरानं सरकली. उंबरे काढून टाकलेले. संडासात कमोडशेजारी लोखंडी दांडा. तो धरून मी दोनदा बसले, दोनदा उठले. ती दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "सास के लिए लगाया था. आठ साल." मग तिनं खिडकी उघडली. समोर पाण्याच्या टाकीची भिंत आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे.

"समुंदर नहीं दिखता," ती थोडी ओशाळून म्हणाली.

"नहीं दिखता तो नहीं दिखता," मी म्हटलं. "बाजार कितना दूर?"

"सौ कदम. लेकिन एक बात सुनो." तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. "इधर बारिश बहुत लंबी. पापड़ नरम, कपड़ा गीला, दीवार गीली. सास बारिश में रोती थी. आप ठंड में आओ, बारिश से पहले घर जाओ."

डॉक्टरांनीही एक हिवाळाच म्हटलं होतं. पण ह्या बेटावर पाऊस कसा असतो हे मला सांगणारी ही पहिलीच बाई. नऊ वर्षं इथं राहणाऱ्या जावयानं सांगितलं नाही, महिनाभर घरं निवडणाऱ्या नवऱ्यानं विचारलं नाही. मी तिथूनच दवाखान्यात चालत गेले, खिडकीवर गोळीचं नाव सांगितलं, तपासणी इथं होते का विचारलं. होते म्हणाले. परत आले आणि येत्या डिसेंबर ते मार्च घर माझ्या नावानं ठरवून टाकलं.

संध्याकाळी सांगितलं तेव्हा नवरा उठून बसला. "समुद्र नाई दिसत तं अंदमानले कायले राहाचं?"

"वातासाठी," मी म्हटलं. "तुमीच सांगत होते साऱ्या गावाले."

मंगरूळला परतल्यावर त्यानं जाहीर केलं की तो येणार नाही. मी बरं म्हटलं. शिंप्याकडून सगळ्या ब्लाउजांचे हुक काढून पुढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावून घेतली. शिंपी म्हणाला, असं कोणी घालत नाही. म्हटलं, मी घालते. नातेवाइकांत बोलणं सुरू झालं, मास्तरीण म्हातारपणी नवऱ्याले टाकून चालली. माझ्या बारा वर्षांच्या दुखण्याला ज्यांनी कधी पेलाभर पाणी गरम करून दिलं नाही, त्यांना नवऱ्याच्या चार महिन्यांच्या जेवणाची केवढी काळजी!

डिसेंबरात निघायच्या दिवशी नवरा बॅग भरून दारात उभा होता. नागपूरपर्यंत तो पेपरात डोकं घालून बसला.

आता इथं येऊन महिना झाला. गुडघे बरे झालेले नाहीत. तसं कुणी म्हटलं तर खोटं आहे. दमट दिवशी बोटं सुजतात. पण मी रोज स्वतः बाजारात जाते, मासेवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत पालक निवडते, कुणाला न विचारता. नवरा सकाळ-संध्याकाळ चालत समुद्रावर जातो. त्याला पाय आहेत, त्यानं जावं.

परवा तो इंझोरीच्या त्याच्या चुलतभावाशी फोनवर बोलत होता. मी आत भाजी चिरत होते. मोठ्या जाड मुठीची सुरी मी इथंच घेतली. बाहेरून ऐकू आलं, "घर असं पायलं ना मी, एक पायरी नाई! नळ पाय, दांडा पाय. हिचा वात हाय ना, सारा इचार करा लागते."

मी सुरी ठेवली. बाहेर गेले. त्याच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी," मी म्हटलं, "घर मी शोधलं. एकटीनं, ऑटोनं फिरून. तुमचे भाऊ तवा भिंतीकडे तोंड करून पडले होते."

पलीकडे भाऊजी मोठ्यानं हसले. नवरा हसला नाही. "एवढं सांगाची काय गरज होती?" तो म्हणाला.

"होती," मी म्हटलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.