पाझर तलावावरची परेड

त्या उन्हाळ्यात मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर विशाखापट्टणमहून घरी आलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन शर्ट, बायकोसाठी एक साडी आणि सीमनशिपचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी नौदलात साधा सीमन, म्हणजे खलाशी होतो. जहाजावर सगळ्यात खालचा नव्हे, पण खालून शोधायला घेतलं तर लवकर सापडणारा. वरच्या पायरीवर, म्हणजे लीडिंग सीमनच्या हुद्द्यावर जायचं तर आधी लेखी परीक्षा, मग दोरखंडाच्या गाठी, मग परेड ग्राउंडवर एका तुकडीला हुकूम देऊन दाखवायचे आणि हे सगळं निभावलं तर शेवटी बोर्डाचे प्रश्न. आदल्या वर्षी मी लेखी पास झालो, गाठी डोळे मिटून मारल्या आणि परेडवर सपशेल आपटलो. आवाजच फुटेना. परेडचा उस्ताद मला म्हणाला, "बेटा, तू हुकम दे रहा है या लोरी सुना रहा है?"

यंदा पास होणं भाग होतं, कारण मी एक वचन देऊन बसलो होतो. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, ऐटीत, बायकोला सांगून टाकलं होतं की लीडिंग झालो की आपल्याला क्वार्टर मिळेल, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात नळ असेल आणि नळ फिरवला की पाणी येईल. तेव्हापासून ती बिचारी पिशवी घेऊन कधी लातूरला माहेरी, कधी नायगावजवळ आमच्या गावी अशी फिरत होती आणि दोन्हीकडे टँकरच्या रांगेत उभी राहत होती. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ एकच असायची, नळाचं काय झालं?

सुट्टीची सुरुवात लातूरला सासुरवाडीत झाली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि गाव अगदी हवेत होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण पाट्या नव्या होत्या. ज्याला भेटावं तो एक पायरी वर गेलेला. कारकुनाचा हेडक्लार्क झाला होता, हेडक्लार्कला खोली मिळाली होती आणि माझे सासरे, जे उस्मानाबादेत शिपाई होते, ते नव्या कचेरीत नाईक होऊन छातीवर पितळी बिल्ल्याचा पट्टा लावून बसले होते. घरीसुद्धा पट्टा उतरवायला त्यांचं मन धजत नव्हतं.

"जावईबापू, तुमच्या खात्यात इम्तिहान कशाला घेतेत?" त्यांनी मला जेवताना विचारलं. "आमचं बघा. जिल्हा झाला, मीबी झालो."

"समुद्राचे वेगळे जिल्हे होत नाहीत ना, मामा," मी म्हणालो.

त्यांनी पट्ट्यावरचा बिल्ला पुसला. मग म्हणाले, "अर्ज देऊन बघा."

बायको मात्र परीक्षेच्या बाबतीत पक्की होती. ती मॅट्रिक पास, त्यामुळे माझं पुस्तक तिनं ताब्यात घेतलं आणि भांडी घासता घासता मला प्रश्न विचारायला लागली. समुद्रात दोन जहाजं आडवी आली तर वाट कुणी द्यायची? ज्याला दुसरं जहाज उजव्या हाताला दिसतं, त्यानं. हा नियम तिला इतका आवडला की तिनं तो लातुरात लागू केला. डाळीच्या पोत्यांनी लादलेला एक हातगाडा अंगावर येत असताना ही बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन बाजाराच्या मधोमध तशीच चालत राहिली.

"बाई, बाजूला व्हा की," हमाल वैतागून म्हणाला.

"मी तुमच्या उजव्या हाताला हाय. थांबायचं तुम्ही."

"कुठला कायदा हाय ह्यो?"

"समुद्राचा," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली. हमाल खरोखर थांबला होता. मी मागे उभा राहून हसत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो की बोर्डासमोर हिलाच उभी केली असती तर बरं झालं असतं.

कारण माझं दुखणं पुस्तकात नव्हतं, गळ्यात होतं. लातूरहून नांदेडची एसटी पकडून आम्ही दोघं गावी आलो, तशी मी रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर पुस्तक वाचायचो आणि उन्हं चढायच्या आत माळावर जाऊन ओरडायचो. समोर तुकडी म्हणून बाभळी. बाभळी जात्याच सावधान असतात, त्यांना विश्राम म्हणून उपयोग नव्हता. मी "दाहिने मुड़" म्हणायचो आणि दोन बकऱ्या माझ्याकडे बघायच्या. आवाज ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अंग चोरून बसायचा. आमच्या वस्तीत असंच होतं. गावात हुकूम ऐकायची सवय पिढ्यान् पिढ्यांची, द्यायची सवय कुणाला असणार?

माळाच्या पलीकडे रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथला मुकादम माझ्या शाळेतला वर्गमित्र. तो माझी कवायत बघून बघून एके दिवशी आला आणि म्हणाला, "झाडाला काय वरडून राहिलास? जेवणाच्या सुट्टीत माणसं देतो तुला. त्यांचीबी करमणूक हुईल."

अशी ती परेड सुरू झाली. भाकरी खाऊन झाली की ज्यांना झोप येत नसे ते सगळे बांधावर रांगेनं उभे राहायचे. बंदुकीच्या जागी खांद्यावर कुदळ, डोक्यावर उन्हासाठी रिकामं घमेलं. दुष्काळानं वस्तीतल्यांच्या आणि गावातल्यांच्या हातात सारखंच घमेलं दिलं होतं, त्यामुळे माझी तुकडी सगळ्या जातींची होती. सगळ्यात पुढे एक म्हातारी उभी राहायची. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची. तिच्या सासरच्या आडावर माझ्या आजीला लांब उभं राहून पाणी मागावं लागायचं. आता आड कोरडा पडला होता आणि ती माझ्या पहिल्या रांगेत कुदळ घेऊन उभी होती. मला हे बघून आतून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

पण हुकूम मात्र कुणी ऐकेना. मी "दाहिने मुड़" म्हणालो की अर्धे उजवीकडे वळायचे, अर्धे शेजारच्याला विचारायचे. "पीछे मुड़" म्हणालो तेव्हा म्हातारी जागची हललीच नाही.

"मागं कशाला फिरायचं? टँकर तर पुढनं येतो."

"हुकूम आहे म्हणून," मी म्हणालो.

"अरे, नुसतं मूड मूड काय करतोस? नात्यानं बोलव की माणसाला. मी तुझी मावशी लागते का न्हाई?"

आजवर तिनं माझ्याशी कसलंच नातं लावलं नव्हतं. मी जरा गडबडलो. मग म्हणालो, "मावशी, पीछे मुड़." आणि ती झटक्यात वळली. तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. काका, सावधान. वहिनी, जरा विश्राम. मावशे, तेज चल. गावात नातं लावल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही, हे मला वर्दीत राहून विसरायला झालं होतं. नातं लावलं की तुकडी अशी चालायची की मुकादम टाळ्या वाजवायचा. माझा आवाज मात्र अजूनही लाजराच होता. मावशी म्हणायची, "लेकरा, तू आम्हाला हुकूम देतोस का कानात गुपित सांगतोस?"

सुट्टी संपत आली, त्या आठवड्यातली गोष्ट. मी तुकडीला तेज चल देऊन बांधावरून चालवत होतो. बायको घागर घेऊन टँकरची वाट बघत बसली होती. टँकर आला आणि मागचा नळ पिंपांपाशी आणायला मागे मागे सरकू लागला. माझी तुकडी सरळ त्याच्या रोखानं चाललेली, सगळ्यात पुढे मावशी, डोक्यावर घमेलं, मान ताठ. पाणी दिसल्यावर तिचा वेग आणखी वाढला. मी म्हणालो, "थम." कुणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो, तेही टँकरच्या घरघरीत गेलं. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं.

मग माझ्या पोटातून कुठून तरी तो आवाज निघाला.

"मावशे, थांब!"

तुकडी थांबली. टँकर थांबला. खड्ड्याच्या कडेला झोपलेल्यांचं घोरणं थांबलं, मुकादमाची विडी ओठाशी थांबली, लांब माळावरच्या त्या दोन बकऱ्यासुद्धा थांबल्या. मावशी टँकरपासून हातभर अंतरावर एक पाय पुढे टाकून उभी होती. तिनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आता आला बघ आवाज," ती म्हणाली.

मला हसू आवरत नव्हतं. बायको रांग सोडून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हा आवाज इतके दिवस कुठं ठेवला होता तुम्ही?" मी नांदेडला गाडीत बसेपर्यंत आवाज जपायचा म्हणून तिनं मला गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. त्या दुष्काळात, टँकरच्या पाण्याच्या.

विशाखापट्टणमला परत आलो आणि परीक्षेला बसलो. लेखी झाली. वाट कुणी द्यायची हा प्रश्न आला तेव्हा मला घागर दिसली आणि मी हसत हसत उत्तर लिहिलं. गाठी झाल्या. मग परेड. बोर्डाचे साहेब मैदानाच्या टोकाला टेबल टाकून बसले होते. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर चहाचे कप. माझ्या ताब्यात पोरांची एक तुकडी होती, केरळची, बिहारची, आणि सगळ्यात पुढे एक उंच पंजाबी. सावधान झालं, मुडणं झालं, तेज चल झालं. आवाज बरा निघत होता, पण अजून मनासारखा नव्हता. थम हा हुकूम बरोबर पावलावर द्यावा लागतो. मी पावलाची वाट बघत राहिलो, एक पाऊल गेलं, दुसरं गेलं, आणि पंजाबी थेट साहेबांच्या चहावर चालून जाताना मला दिसला. डोक्यातलं सगळं पुस्तक पुसलं गेलं.

"मावशे, थांब!"

तुकडी जागच्या जागी खिळली. यांतल्या एकालाही मराठी येत नव्हतं. पंजाब्याचा बूट टेबलाच्या पायापाशी होता आणि एका साहेबांचा कप ओठांपाशी.

"ये कौन सा हुकम है?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सर, रोजगार हमी का."

आता नापासच व्हायचं, तर निदान सांगून व्हावं, असं म्हणून मी सगळं सांगितलं. पाझर तलाव, कुदळी, घमेली, टँकर. बोर्डातले जुने मास्टर चीफ तोंड फिरवून खोकण्याचं सोंग करत होते. मोठ्या साहेबांनी शेवटी विचारलं, "और ये मावशी कौन है?"

"सर, मेरी पहली टुकड़ी की पहली जवान."

"फिर से करो. अबकी बार किताब वाला शब्द."

मी तुकडी पुन्हा चालवली आणि बरोबर पावलावर थम म्हणालो. तो थम मैदान ओलांडून जेटीवर गेला. तिथे रंग देणारा एक खलाशी ब्रश हातात धरून थांबलेला मी स्वतः पाहिला. त्यानंतर बोर्डानं काय प्रश्न विचारले ते मला आठवत नाही. पास झालो, एवढं आठवतं.

बाहीवर लीडिंगच्या हुद्द्याचा, जहाजाचा नांगर शिवला आणि काही महिन्यांनी क्वार्टर मिळालं. सासरे स्वतः बायकोला पोचवायला आले, पट्ट्यासकट. गेटवरच्या पहारेकऱ्यानं बिल्ला बघून गोंधळून त्यांना सलाम ठोकला आणि ते त्या सलामावर पुढे कैक वर्षं जगले. समुद्र बघून त्यांनी एवढंच विचारलं, "एवढं पाणी असून परीक्षा जमिनीवर घेतेत?"

बायकोनं मात्र समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळ फिरवला. पाणी आलं. तिनं सोबत आणलेली घागर भरली, मग पातेली, मग तांबे, पेले, डब्यांची झाकणं, आणि काहीच उरलं नाही तेव्हा ओंजळ धरून उभी राहिली. ओंजळ भरून वाहत होती आणि ती हसत होती, रडतही होती बहुतेक. घागरीतलं पाणी काठावरून खाली येऊन माझ्या नव्या फरशीवर पसरत चाललं.

मी दारात उभा राहून परेडच्या आवाजात म्हणालो, "थम."

शेजारच्या क्वार्टरमधली भांड्यांची आदळआपट थांबली. बाहेर सासरे उठून सावधान उभे राहिले. एकटी तीच थांबली नाही, आणि मीही हुकूम दुसऱ्यांदा दिला नाही.